कुझ्झोनी व फाउस्तीना : एका प्रवादाची छाननी

इंग्लंडांतील इतालियन ऑपेराच्या, म्हणजे संगीत नाटकाच्या, इतिहासांत एक आख्यायिका दोनशें वर्षांहून अधिक काळ रूढ आहे. लंडन येथील किंग्ज थिएटरांत मंगळवार, ता. ६ जून १७२७ (नव्या गणनेनें १७ जून, शके १६४९) रोजीं बोनोन्चिनीकृत ‘आस्तियानात्ते’चा प्रयोग चालू असतां फ्रान्चेस्का कुझ्झोनी व फाउस्तीना बोर्दोनी या दोन विख्यात गायिका रंगभूमीवरच एकमेकींच्या झिंज्या धरून भांडल्या, अशी ती आहे. तिला आधार किती, हें पाहूं.

प्रथम समकालीन वृत्त घेऊं. ‘ब्रिटिश जर्नल’ या पत्राच्या ता. १० जूनच्या अंकांत या दंग्याची हकीकत आहे. दंगा केला तो दोघींच्या पक्षपात्यांनीं. आरंभीं एका बाजूनें फूत्कार व दुसरीकडून टाळ्या. पुढें शिट्या व असभ्य प्रकार. राजघराण्यांतील कॅरोलाइन उपस्थित असतांहि कोणी भीड धरिली नाहीं. गायिकांच्या हातघाईचा मात्र त्यांत उल्लेख नाहीं.

मग हातघाई आली कोठून? त्याच वर्षीं छापलेल्या ‘काँत्र ताँ’ नामक उपहासात्मक प्रहसनांत ती आहे. त्यांत संगीतकार हँडेल यासहि पात्र करून नाचविलें आहे. विनोदार्थ रचलेला हा प्रसंग पुढें घडलेली गोष्ट म्हणून सांगितला जाऊं लागला.

चुरस मुळींच नव्हती, असें नव्हे. हँडेलच्या ‘आलेस्सान्द्रो’ (५ मे १७२६) या नाटकांत दोघी प्रथम लंडनकरांपुढें एकत्र आल्या, त्या एकाच सिकंदरावर अनुरक्त झालेल्या नायिका म्हणून. कुझ्झोनीची कीर्ति करुण व विलंबित गायनाची, तर फाउस्तीनाची चपल तानांची. पेंब्रोकची काउंटेस पहिलीचा, तर बर्लिंग्टनची काउंटेस दुसरीचा पक्ष घेई. परंतु दोघी १७१८ मध्यें व्हेनिस येथेंहि एकत्र गाइल्या होत्या. आणि दंग्यानंतर ‘रिकार्दो प्रिमो’ (१७२७), ‘सिरोए’ व ‘तोलोमेओ’ (१७२८) या हँडेलच्या तीन नाटकांत त्या पुनः एकत्र गाइल्या. भर सभेंत झोंबलेल्या दोघींविषयीं हें संभवनीय वाटत नाहीं.

बखरींतील संवाद अस्सल पत्रांशीं ताडून पाहिल्यावांचून आपण स्वीकारीत नाहीं; तोच न्याय येथेंहि लागू आहे. प्रेक्षकांचा अपराध दोन गुणी स्त्रियांच्या माथीं मारला गेला आहे. म्हणून संग्राहकांनीं तें प्रहसन त्याज्य मानूं नये. लंडनच्या तत्कालीन रसिकवर्गाच्या वृत्तीचें तें उत्तम साधन आहे. गायिकांच्या वर्तनाचा मात्र तो पुरावा नव्हे.