लेक व्ह्यू, मिनी काश्मीर आणि थोरल्या काकींचं माहेर

आमच्या भावकीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक यापलीकडं काही नसतं. जानेवारीत पुण्याच्या चुलतभावानं मेसेज टाकला, "मे महिन्यात सगळे एकत्र जमूया. दोन दिवस. पण जागा लेकसाइड पाहिजे." पुढचे तीन आठवडे ग्रुपवर जे चाललं ते बघून मला वाटलं, मी घरी बसून झेडपीची सभा कव्हर करतोय.

मोजदाद केली तर ६१ माणसं. सगळ्यांत मोठ्या थोरल्या काकी, वय ७८. सगळ्यांत लहान नात नऊ महिन्यांची. तिघांचे गुडघे बदललेले, दोघांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. कॉलेजातल्या पोरांना तंबू पाहिजे, आत्यांना कमोड पाहिजे, जावयांना रेंज पाहिजे. मी पत्रकार, म्हणून "माहिती काढ" हे काम माझ्या गळ्यात पडलं. चार नावं पुढं आली. पवना, मुळशी, भंडारदरा आणि तापोळा.

माहिती काढायला बसलो आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. ही चारही तळी नाहीतच. ही धरणं आहेत. लोणारसारखं एखादं सोडलं तर महाराष्ट्रात ज्याला आपण हौसेनं "लेक" म्हणतो ते बहुतेक ठिकाणी अडवलेल्या नदीचं पाणी असतं. आणि त्या पाण्याखाली कुणाचं तरी शिवार असतं.

याचा एक साधा व्यवहारी अर्थ आहे, सहल ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. धरणाचं पाणी पाटबंधाऱ्याच्या आणि विजेच्या वेळापत्रकानं चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात काठोकाठ दिसणारं पाणी मे महिन्यात पार आत सरकलेलं असतं. रिसॉर्टच्या जाहिरातीतला फोटो पावसाळ्यानंतरचा असतो. मे महिन्यात जाल तर खोलीपासून पाण्यापर्यंत गाळ आणि भेगाळलेली जमीन तुडवावी लागेल.

आता एकेक बघू.

पवना तरुण पोरांनी लावून धरलं होतं. काठावर तंबू, शेकोटी, गाणी. पण ७८ वर्षांच्या बाईला रात्री तंबूतून उठवून कुठं न्यायचं, या एका प्रश्नावर तो विषय संपला. मी ग्रुपवर एवढंच जोडलं की याच पवनेचं पाणी बंद पाइपलाइननं पिंपरी-चिंचवडला न्यायच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथं आंदोलन झालं होतं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. कुणी उत्तर दिलं नाही. एक अंगठा आला.

मुळशीला पुण्याच्या मंडळींचा जोर. जवळ, रस्ता चांगला, रिसॉर्टं झकास. मुळशीचा इतिहास मात्र आपल्याला शाळेत जेमतेम एका ओळीत शिकवला. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज पाहिजे होती. टाटा कंपनीनं नीला-मुळेच्या संगमावर धरण बांधायला घेतलं. पन्नासच्या वर गावांवर पाणी येणार होतं. १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढं होते. बापटांना "सेनापती" म्हणायला लागले ते याच लढ्यात. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत अभ्यासक याची गणना करतात.

लढा हरला. का हरला, तेही बघण्यासारखं आहे. जमीन कसणारा मावळात होता आणि त्या जमिनीवर ज्याचं कर्ज होतं तो सावकार पुण्यात होता. सावकाराला मोबदल्याचे रोख पैसे चालणार होते. कसणाऱ्याला जमीनच पाहिजे होती. दोघांचं हित एक नव्हतं, तिथंच फूट पडली. बापटांना अखेर सात वर्षांची शिक्षा झाली. धरण उभं राहिलं, पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं, मुंबईला वीज मिळाली.

भंडारदऱ्याची गोष्ट वेगळी. विजेसाठी नव्हे, शेतीसाठी बांधलेलं धरण. नगर जिल्ह्यानं दुष्काळ सोसले होते. प्रवरेवर १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून ते विल्सन डॅम. या पाण्यावर खाली ऊस उभा राहिला आणि त्या उसावर पुढं १९५० च्या आसपास विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला. आज महाराष्ट्राचं अर्धं राजकारण ज्या साखरेभोवती फिरतं, त्याचा एक धागा त्या जलाशयात सापडतो. मेच्या शेवटी तिथं काजवेही दिसतात. पण आम्हा सातारकरांना ते लांब. नऊ महिन्यांच्या पोरीला घेऊन एवढा प्रवास नको, असं बायकांनी ठरवलं आणि ते बरोबरच होतं.

राहिला तापोळा. भावानं लगेच रीलची लिंक टाकली. "मिनी काश्मीर ऑफ महाराष्ट्र." कोयनेचा शिवसागर, निळं पाणी, मागं डोंगर, स्पीड बोट. दहा मिनिटांत चाळीस अंगठे. ठरलंच जवळजवळ.

थोरल्या काकी ग्रुपवर नाहीत. नातवानं त्यांना मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. त्या म्हणाल्या, "आरं, हितं तर माझं म्हायार हाय."

नातवाला वाटलं, काठावरचं एखादं गाव असेल. त्यानं विचारलं, "कुठं आजी? हे घर का?" काकींनी पाण्यावर बोट ठेवलं.

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. पत्रकारितेत वीस वर्षं काढली. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या मोर्चाच्या बातम्या किती वेळा दिल्या त्याचा हिशेब नाही. आणि माझ्या सख्ख्या काकी त्याच पाण्यातून आल्यात, हे मला माहीत नव्हतं. त्यांचं माहेर म्हणजे मुंबईचा मामा, एवढंच आम्हाला ठाऊक. आम्ही कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो त्यांच्याजवळ. त्या तेरा-चौदा वर्षांच्या असताना गाव उठलं. "पानी याच्या आदी घराची लाकडं काढून घ्या म्हनले. बानं वासे काढलं, कौलं काढली. देव उचलला. जातं लई जड, ते तितंच राह्यलं." वडिलांच्या हातात थोडी रोख रक्कम आली, ती दोन वर्षांत संपली. काही भाऊबंद रायगडला गेले. वडील मात्र गेले नाहीत, तिथंच डोंगर चढून वर राहिले. भाऊ मुंबईला माथाडीत लागला.

कोयनेनं महाराष्ट्राला काय दिलं ते नाकारायचं कारण नाही. १९६२ पासून वीज सुरू झाली, आज चारही टप्पे मिळून सुमारे १,९६० मेगावॅट क्षमता आहे. दरवर्षी साडेसदुसष्ट टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेकडं सोडायची मुभा आहे. मी हे ज्या दिव्याखाली टाइप करतोय त्यात काकींच्या शिवाराचा वाटा असणार. पण सुमारे शंभर गावं उठवताना हातात कायदा होता तो १८९४ चा, इंग्रजांचा. तो फक्त पैसे द्यायचा. जमिनीच्या बदल्यात जमीन, गावठाणाच्या बदल्यात गावठाण, हे तत्त्व मान्य करणारा राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये. देशात पहिला म्हणून आपण त्याचा अभिमान सांगतो. पण कोयनेत पाणी भरून तेव्हा एक तप उलटून गेलं होतं. मधे ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. म्हणजे या खोऱ्यानं आधी घर दिलं, मग पुन्हा घर गमावलं. आणि जमिनीची मागणी घेऊन त्यांची तिसरी पिढी अजून मोर्चात चालते.

आता त्याच काठावर पर्यटन आलंय. नवीन महाबळेश्वर प्रकल्पात दोनशेहून जास्त गावं घेतली आहेत. मला पर्यटन नको असं अजिबात म्हणायचं नाही. तापोळा-बामणोलीला बोटी चालवणारी पोरं बहुतेक इथल्याच गावांची आहेत. आपल्याला ती बोट म्हणजे मजा, पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला वर्षानुवर्षं तीच एसटी. प्रश्न एवढाच आहे, की उद्या काठावरच्या जमिनीला सोन्याचा भाव आला तर तो कुणाच्या खिशात जाणार? मुळशीत जमीन कसणारा एक आणि पैसे घेणारा दुसरा होता. शंभर वर्षांनी पुन्हा तेच होऊ नये.

आमच्या सहलीचं काय झालं ते सांगतो. काकींचं नाव निघाल्यावर ग्रुपवर दोन तट पडले. एक भाऊ म्हणाला, मग मुळशीच करू, त्यांना उगाच त्रास नको. दुसरा म्हणाला, तापोळाच, पण दिवाळीत. तेव्हा पाणी भरलेलं असतं, मेमध्ये नुसता गाळ बघायचा काय? शेवटी मी काकींनाच विचारलं.

त्या म्हणाल्या, "मे म्हैन्यातच चला. पानी खाली जातंय तवा. देवळाचा चौथरा वर येतोय म्हनत्यात."

मग ठरलं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. काठावरच्या गावातल्याच दोन घरांत उतरायचं, जेवण त्यांच्याच हातचं. कमोड एकाच घरात आहे, तिथं म्हातारी मंडळी. इन्सुलिनला फ्रिज आहे. रेंज नाही, जावयांना कळवलंय. लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत एकही पोर चढणार नाही, हे लिहून घेतलंय. पुण्याच्या भावानं रिसॉर्टचा ॲडव्हान्स बुडवला, थोडा कुरकुरला, पण बुडवला.

तुम्हीही या सुट्टीत कुठं "लेक व्ह्यू" बुक करत असाल तर जरूर करा. फक्त निघायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, या पाण्याबद्दल काही आठवतं का. आमच्या घरात हे विचारायला साठ वर्षं लागली.