प्लेटो : संगणकाधारित अध्यापन-प्रणाली

अमेरिकेतील अर्बाना-शँपेन येथील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेली, केवळ अध्यापनासाठी घडवलेली संगणक-प्रणाली. विद्यापीठातल्या शिकवण्याला तंत्रज्ञानाची जोड देण्याच्या मोठ्या प्रयत्नांपैकी हा बहुधा सर्वांत आधीचा आणि नक्कीच सर्वांत धाडसी प्रयत्न होय. स्पर्शाने चालणारा पडदा, एकमेकांशी ऑनलाइन गप्पा, विषयवार चर्चा या गोष्टी आज घरोघरी दिसतात. प्लेटोवरचे विद्यार्थी त्या १९७०च्या दशकातच वापरत होते.

सोव्हिएत रशियाने १९५७ साली स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत विज्ञान-शिक्षणाची काळजी सुरू झाली. संगणकाकडून शिकवून घेता येईल का, हा प्रश्न इलिनॉय विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक चाल्मर्स शेर्विन यांनी मांडला. विद्यापीठातील एका प्रयोगशाळेचे संचालक डॅनिअल आल्पर्ट यांनी अभियंते, गणितज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांची बैठक बसवली, पण त्यांचे एकमत होईना. अखेर हे काम नुकतीच डॉक्टरेट घेतलेल्या डॉनल्ड बिट्झर (१९३४–२०२४) या विद्युत अभियंत्याकडे आले. विद्यापीठाच्या इलियाक या निर्वात नलिकांवर चालणाऱ्या संगणकाला त्यांनी दूरचित्रवाणी संच आणि छोटा कळफलक जोडला. पहिल्या प्लेटोवर एका वेळी एकच विद्यार्थी बसू शकत असे, दुसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावर वीस. १९७२ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीने मात्र चित्र पालटले. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्यावर उभ्या राहिलेल्या या जाळ्यात दशक संपेपर्यंत सुमारे हजार टर्मिनले आली. विद्यापीठाबाहेरची महाविद्यालये आणि शाळाही टेलिफोनच्या तारांनी त्याला जोडल्या गेल्या.

पडद्याची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. पडद्यावरचे चित्र टिकवायचे तर ते सतत नव्याने रेखाटावे लागे आणि त्यासाठी स्मृती लागे. त्या काळी स्मृती इतकी महाग होती की प्रत्येक विद्यार्थ्यामागे तिचा खर्च परवडणे शक्य नव्हते. म्हणून बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ साली प्लाझ्मा पडदा शोधला. त्यात एकदा पेटलेला ठिपका विझवेपर्यंत आपणहून पेटता राहतो. चौथ्या प्लेटोच्या पडद्यावर ५१२ × ५१२ नारिंगी ठिपके होते. पडदा पारदर्शक असल्यामुळे मागून रंगीत स्लाइड टाकता येई, आणि अवरक्त किरणांच्या जाळीमुळे बोट १६ × १६ चौकटींपैकी कोणत्या चौकटीवर टेकले ते संगणकाला कळे. पुढे जगभरच्या दिवाणखान्यांत गेलेल्या प्लाझ्मा टीव्हीचे मूळ असे वर्गातल्या गरजेत आहे. या शोधासाठी बिट्झर यांना २००२ साली तंत्रविषयक एमी पुरस्कार मिळाला.

वेगाबाबतही हीच दक्षता दिसते. विद्यार्थ्याने दाबलेली प्रत्येक कळ मध्यवर्ती संगणकापर्यंत जाऊन अक्षर होऊन परत येई, आणि हे सारे सेकंदाच्या एक-दोन दशांश भागात व्हावे यावर निर्मात्यांचा कटाक्ष होता. तबकड्या या कामी संथ पडत, म्हणून चालू धड्यांसाठी जलद स्मृतीचा मोठा साठा वेगळा ठेवला गेला. वाट पाहावी लागली की शिकणाऱ्याचे मन भरकटते, हे त्यांनी यंत्राच्या रचनेतच गृहीत धरले होते.

प्रस्तुत लेखकाच्या मते प्लेटोचे खरे मर्म यंत्रापेक्षा ‘ट्यूटर’ या भाषेत आहे. प्राणिशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी पॉल टेन्झार याने ती १९६७ मध्ये तयार केली. जो विषय शिकवतो त्यानेच धडा लिहावा, प्रोग्रामरची वाट पाहत बसू नये, हा तिचा हेतू. तिच्यातली उत्तर तपासण्याची सोय पाहण्यासारखी आहे. समजा, पडद्यावर काटकोन त्रिकोण आहे आणि त्याचे नाव विचारले आहे. कोणते शब्द उत्तरात असलेच पाहिजेत, कोणते असले-नसले तरी चालतील आणि कोणते समानार्थी शब्द बरोबर धरायचे, एवढे शिक्षकाने एका ओळीत सांगायचे. मग विद्यार्थ्याने पूर्ण वाक्य लिहिले काय किंवा दोनच शब्द लिहिले काय, यंत्र ते समजून घेई. स्पेलिंग चुकलेल्या शब्दाखाली बरोबरची (=) चिन्हे उमटत, चुकीच्या शब्दाखाली फुल्या, आणि जागा चुकलेल्या शब्दाखाली बाण. चूक आहे एवढेच सांगून यंत्र थांबत नसे, ती कुठे आहे तेही दाखवी. नेहमीची चुकीची उत्तरे शिक्षकाला अनुभवाने ठाऊक असत, त्यांच्यासाठी तो वेगळा खुलासा लिहून ठेवू शके. शिवाय कळफलकावर मदतीची स्वतंत्र कळ होती.

अशा लेखनातून उत्तम धडे निर्माण झाले. आनुवंशिकीच्या धड्यात विद्यार्थी पडद्यावरच्या फळमाश्यांतून नर-मादी निवडून संकर घडवी आणि पंख किंवा डोळ्यांचा रंग पुढच्या पिढीत कसा उतरतो ते लगेच पाही. प्रयोगशाळेत एका पिढीलाच दहा-बारा दिवस लागतात. रसायनशास्त्रात स्टॅनले स्मिथ यांच्या धड्यांवर विद्यार्थी प्रयोगाची आधी तयारी करत. प्रत्यक्ष काचेची भांडी हाताळण्याला हे पर्याय नव्हते, पूरक होते. हा फरक लक्षात न घेता केलेली प्लेटोची स्तुती किंवा निंदा दोन्ही व्यर्थ आहेत.

धड्यांच्या शेजारीच एक वेगळी वसाहत वाढली. १९७३ साली सतरा वर्षांच्या डेव्हिड वूली याने ‘नोट्स’ हा चर्चाफलक लिहिला. त्याच वर्षी डग ब्राउन याच्या ‘टॉकोमॅटिक’मध्ये पाच जण एकाच वेळी बोलू लागले आणि प्रत्येकाचे अक्षर न् अक्षर टंकताना इतरांना दिसू लागले. खेळही आले आणि त्यांनी संगणकाचा बराच वेळ खाल्ला. प्लेटोवर वाढलेल्या रे ओझी यांनी पुढे ‘लोटस नोट्स’ हे सॉफ्टवेअर घडवले.

शिकण्यावर परिणाम किती झाला? एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने कम्युनिटी कॉलेजांत केलेल्या मूल्यमापनाचा अहवाल १९७७ साली आला. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना प्लेटो आवडला, पण गुणांवर किंवा गळतीवर सातत्याने दिसेल असा बरा-वाईट परिणाम आढळला नाही. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे. मात्र एकाच प्रणालीवर शिक्षकागणिक आणि धड्यागणिक दर्जा बदलत होता. त्यामुळे ‘प्लेटोने शिकवणे सुधारते का’ हा प्रश्न ‘पुस्तकाने सुधारते का’ या प्रश्नाइतकाच ढोबळ ठरतो.

विल्यम नॉरिस यांच्या कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनने १९७६ मध्ये व्यापारी हक्क घेतले आणि शिक्षणातून मोठ्या उत्पन्नाची आशा धरली. मोठा संगणक, महागडी टर्मिनले आणि टेलिफोनचे भाडे हा भार सामान्य महाविद्यालयांना झेपला नाही, आणि १९८०च्या दशकात स्वस्त वैयक्तिक संगणकांनी बाजी मारली. कंपनीने १९८९ साली प्लेटो हे नाव विकले. बिट्झर त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात गेले. इलिनॉयमधील मूळ प्रणालीतून निघालेली ‘नोव्हानेट’ ही सेवा मात्र चालू राहिली आणि २०१५ साली बंद झाली.