रुपयाला किती शेर : वऱ्हाडातील बाजारहाटाच्या हिशेबाविषयी

इंग्रजी अंमलाच्या दप्तरात धान्याचे भाव नोंदविण्याची एक रीत होती. आज ज्वारीचा भाव विचारला तर आपण ‘किलोला इतके रुपये’ असे सांगतो. त्या तक्त्यांत मात्र ‘रुपयाला इतके शेर’ असा भाव मांडलेला असे. रुपया जागेवर उभा आणि शेर वरखाली होणारे. सुकाळ झाला की आकडा चढे, दुष्काळ पडला की उतरे. प्रथमदर्शनी ही केवळ लिहिण्याची पद्धत वाटते. परंतु वऱ्हाडातील हातावर पोट असलेल्या घराच्या बाजारहाटाचा इतिहास समजून घ्यावयाचा, तर या उलट्या आकड्याइतके उपयोगी साधन आम्हांला दुसरे सापडलेले नाही.

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर नांदगाव पेठ लागते. आता त्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे, कापडाचे कारखाने आहेत, औष्णिक वीज प्रकल्प आहे. येथील मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला २०२४ च्या सप्टेंबरात वर्ध्याच्या कार्यक्रमातून बसविली गेली. पण अशा गावच्या किराणा दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. ‘दहाचं तेल दे गा भाऊ’, ‘पाचची चायपत्ती’, ‘वीसची साखर’. गिऱ्हाईक वजन उच्चारतच नाही. दुकानदारही वजन सांगत नाही, पुडी बांधतो. रुपयाला किती शेर हा प्रश्न दप्तरातून हद्दपार झाला, दुकानातून झालेला नाही. त्यामागे अडाणीपणा आहे असे समजणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. मजुरीचा आकडा ठरलेला असतो तेव्हा खरेदीचे नियोजन पैशाकडून वस्तूकडेच जाऊ शकते, वस्तूकडून पैशाकडे नव्हे. यादी करून बाजारात जाणे ही पगारदाराची चैन आहे.

ही स्थिती वऱ्हाडात कशी आली, हे थोडे मागे जाऊन पाहावे लागेल. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अकल्पित भाव आला. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. कापसाचे क्षेत्र वाढत गेले, त्याच्या व्यापारावर देखरेख करावयास सरकारने स्वतंत्र कमिशनर नेमला. या साऱ्याचे वर्णन ‘वऱ्हाडची भरभराट’ असे करण्याची आपल्याला सवय आहे, आणि ते पूर्णतः खोटे नाही. कापसाने अमरावतीला आणि अकोल्याला पैसा दिला. परंतु कापूस शिजवून खाता येत नाही. ज्या घराच्या वावरात पूर्वी ज्वारी, तूर, मूग, जवस निघे, त्या घरातला कापूसवाला हळूहळू धान्याचे गिऱ्हाईक झाला. शतकअखेरीच्या १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत वऱ्हाड होरपळले ते याच अवस्थेत. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडच्या कापसावर आणि दुष्काळावर इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला आहे. कापूस आणि उपासमार हे दोन शब्द त्याच्या शीर्षकातच शेजारी बसले आहेत. मराठी विभागांतून तो फारसा वाचला जात नाही, ही खंत येथे नोंदवून पुढे जाऊ.

कापसाने केवळ पीक बदलले नाही, पैशाचे पंचांग बदलले. शेतकऱ्याच्या हाती रोकड येणार दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेमागे. तीही सावकाराचे आणि दुकानाचे खाते वजा जाऊन. तेवढ्यात वर्षाची भरती करावयाची: ज्वारी, तुरीची डाळ, तिखट, मीठ. मजुराचे पंचांग याहून निराळे. बाजाराच्या दिवशी आठवड्याची मजुरी हाती पडावी आणि त्याच दिवशी ती सरावी. आठवडी बाजार आणि मजुरी यांचे हे लग्न इतके घट्ट, की आमच्याकडील मोठ्या गावांत वस्त्यांची नावेच वारांवरून पडली. अमरावतीचा इतवारा हे जवळचे उदाहरण. तिसरा तो सालदार. पाडव्याला त्याचा वर्षाचा करार व्हायचा, त्यात काही रोख आणि काही धान्य. एकाच गावात अशा प्रकारे वर्षाचे, आठवड्याचे आणि पाडव्याचे असे तीन अर्थसंकल्प नांदत, आणि तिन्ही मांडणारी बहुधा घरातील बाईच असे. तिची वही नव्हती. वही दुकानदाराची होती.

आषाढ आणि श्रावण हे या पंचांगातले खरे अवघड महिने. कोठीतली ज्वारी तळाला गेलेली, नवी यावयास अवकाश, बाजारात भाव चढलेला, आणि निंदणाची मजुरी पाऊस उघडेल त्यावर. याच दिवसांत धान्य सवाईने किंवा दिढीने आणले जाई. म्हणजे चार पायल्या नेल्या तर सुगीला पाच किंवा सहा परत करावयाच्या. पोळ्याच्या सुमारास मूग हाती आला की घर थोडा श्वास घेई. कापसाच्या तासांमध्ये तुरीची तासे पेरण्याचा जो प्रघात आहे, त्याकडे शेतीशास्त्राच्या नजरेने पाहिले जाते. आम्हांला त्यात बाजाराशी केलेला एक करारही दिसतो: कापूस तुझा, पण डाळ घरची.

आता त्या शेरांकडे वळू. स्थानिक मापे गावोगावी वेगळी असत. पायली आणि अधोली ही धान्याची मापे, तर किराणा तराजूने. मात्र सरकारी पक्का शेर ८० तोळ्यांचा आणि त्याचे छटाक १६. रुपयाचे आणेही १६. या दोन सोळांच्या जुळणीत निरक्षर बाईच्या हिशेबाची किल्ली होती. ज्वारी रुपयाला बारा शेर असेल, तर आण्याला बारा छटाक. भागाकार नाही, गुणाकार नाही. आकडा तोच, फक्त एकक बदलायचे. उलट बाजूने, तेल शेराला एक रुपया असेल तर छटाकाला एक आणा. शेराला बारा आणे असेल तर छटाकाला पाऊण आणा, म्हणजे तीन पैसे, कारण आण्याचे पैसे चार. रुपया कधी न पाहिलेल्या आणि आण्यांतच आयुष्य काढलेल्या बाईलाही व्यापाऱ्याचा भाव आपल्या मापात उतरवून घेता येई. दुकानदाराने दहाच छटाक दिले तर तिला ते तिथल्या तिथे कळे. आपण ज्याला अंकगणित न येणे म्हणतो, तिथे अंकगणिताची गरजच पडू नये अशी सोय रूढ मापांनी करून ठेवली होती.

ही सोय चारपाच वर्षांत मोडली. नोव्हेंबर १९५६ मध्ये वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. मे १९६० मध्ये पुन्हा राज्य बदलले. नांदगाव पेठेच्या एखाद्या बाईच्या दृष्टीने पाहिले, तर राजधानी नागपूरहून मुंबईला गेली याचे तिला कितपत सुखदुःख झाले असेल कोण जाणे. आणा सहा पैशांचा की सव्वासहाचा, आणि शेराऐवजी आलेला किलो शेरापेक्षा सुमारे ६७ ग्रॅमने मोठा म्हणून त्याचा भाव किती वाढावा, हे मात्र तिला प्रत्येक बाजाराला नव्याने ताडावे लागले असणार. दशमान पद्धत शिकलेल्याला सोपीच आहे, त्याविषयी तक्रार नाही. जी शिकली नव्हती तिचा हिशेब मात्र काही काळ दुकानदाराच्या सचोटीवर गेला.

मराठी कादंबरीने हा हिशेब कितपत टिपला? उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) नेमकी याच संधिकाळात आली. शिंपी नवऱ्याच्या बेभरवशाच्या मिळकतीवर संसार ओढणारी कौतिक ही आपल्या वाङ्मयातील थोर नायिका आहे हे सर्वमान्य आहे. पण वर्गात आपण ‘धग’ शिकवितो ती वऱ्हाडी बोलीचा नमुना म्हणून, फार तर स्त्रीच्या सोशिकतेची कथा म्हणून. सोशिकता हा शब्द कौतिकवर अन्याय करणारा आहे असे आमचे मत आहे. तिची बुद्धी सतत कामात गुंतलेली असते. घरात काय आहे, कोणाकडून काय येणे आहे, आजचे उद्यावर किती ढकलता येईल, यांचा तिने चालविलेला ताळा कादंबरीची वीण धरून ठेवतो. विद्यार्थ्यांनी तो एकदा केवळ जमाखर्चाच्या अंगाने वाचावा. दहा वर्षांनी, १९७० मध्ये, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याच्या प्रमाणाने घरोघरी पोहोचले. ते पुस्तक गुणी आहेच. मात्र त्याची तर्करीत पाहा. आधी पदार्थ, मग साहित्य, मग कृती. कौतिकच्या घरात क्रम नेमका उलटा: आधी आहे ते, मग त्यातून होईल तो पदार्थ.

या उलट्या क्रमातून वऱ्हाडचे रोजचे जेवण घडले. मूठभर बेसनाचे चून पाण्याने सैल होत पाच ताटांना पुरते; पाहुणा आला तर आणखी सैल. पालेभाजीत बेसन लावून केलेले आळण तेच काम करते. ज्वारी भरडून केलेल्या कण्या आणि बांधावरची अंबाडी यांत विकत घ्यावयाचे ते मीठ, तिखट आणि तेलाची धार. उन्हाळ्यात काम नसताना हात मोकळे असत, तेव्हा मुंगवड्या, कुरड्या, सरगुंडे वाळवून ठेवायचे. आषाढात लागणारी भाजी वैशाखातच घरी बनविण्याचा हा उद्योग होता. आज या पदार्थांना ‘वऱ्हाडी खासियत’ म्हणून हॉटेलात मोठा मान आहे. चांगलेच आहे.

एवढी बेतून ठेवलेली मांडणी कोसळायची ती रोजच्या खर्चाने क्वचित, बारसे, लग्न, दिवस यांच्या जेवणावळीने अधिक. गाडगेबाबा याच जिल्ह्यातले, १८७६ चा जन्म. कर्ज काढून सण आणि तेरावे करू नका, हे ते कीर्तनातून बजावीत. आपण तो समाजसुधारणेच्या खात्यात टाकतो. वस्तुतः तो वऱ्हाडच्या घरखर्चाचा अचूक निदान-अहवाल होता. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण या लोकांना ऐकविणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की येथे अंथरुणाची लांबी दर बाजाराला बदलत होती.

१९७२ च्या दुष्काळात राज्यभर रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली आणि लाटणी रस्त्यावर आली. त्या लढ्याचे मोल मोठे आहे. पण त्याची भाषा ‘भाव कमी करा’ अशी होती, आणि ती यादी ठरलेल्या घराला अधिक जवळची होती. वावरात राबणाऱ्या बाईचे मागणे मजुरीचे होते. पुढे रोजगार हमीच्या कायद्याने त्याला काही उत्तर दिले. नंतरच्या दशकांत वऱ्हाडात सोयाबीन पसरले आणि ज्वारी आणखी मागे हटली. सोयाबीनही कापसासारखेच. वावरात उभे असले तरी तेल दुकानातूनच आणावयाचे.

रेशनच्या धान्याचा या इतिहासाशी संबंध एवढाच, की त्याने पहिल्यांदा वस्तू स्थिर केली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिन्याला पाच किलो धान्य ठरवून दिले. २०२३ पासून ते मोफत आहे. पैसा किती हा प्रश्न तेवढ्या पाच किलोंपुरता बाजूला झाला. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांत, त्यांत अमरावती आणि अकोलाही आले, केशरी कार्डाच्या ज्या शेतकरी कुटुंबांना हा कायदा लागू नव्हता, त्यांनाही २०१५ पासून त्याच मापाने, दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते धान्य थांबवून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात जमा करण्याचे ठरविले. २०२४ मध्ये त्याचे १७० झाले.

पाच माणसांचे घर धरू. आधी २५ किलो धान्य, बाजारात काहीही होवो. आता ७५० रुपये, पुढे ८५०. म्हणजे किलोमागे आधी ३० आणि मग ३४. पूर्वी पदरचे भरावे लागणारे दोन-तीन रुपये त्यात घातले तरी ३७ च्या पुढे आकडा जात नाही. गहू त्याहून चढला की २५ किलोचे २३ होणार, २० होणार. तालुक्याच्या बँकेत जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस यांचा हिशेब वेगळा. सरकारच्या तक्त्यात १७० हा आकडा स्थिर उभा आहे, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात किती किलो लिहायचे, हे नांदगाव पेठेच्या दुकानात दर महिन्याला नव्याने ठरते.