वाघ पाहावयास जाताना

मार्चअखेरीचे हिशेब मिटले आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की येथल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात दरवर्षी एक विषय हटकून निघतो. महाराष्ट्रात होतो तेव्हा मेळघाट राहिले, ताडोबा राहिले. आता बदलीने बंगळुरास आलोच आहोत, तर निदान बंदीपूरचा वाघ तरी पाहून घ्यावा. कोणी रजेचा अर्ज लिहून ठेवतो, कोणी रजा-प्रवास सवलतीचे नियम पुन्हा एकदा वाचतो, कोणी गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याकडून मुक्कामाची माहिती काढतो. या सर्व सिद्धतेत एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जो वाघ पाहावयास आपण निघालो आहोत, तो आजवर तेथे राहिला कसा? आम्हीही पहिल्या खेपेस हा प्रश्न विचारला नव्हता. पुढच्या खेपेची आखणी करताना तो सुचला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बंगळूर ते बंदीपूर हा सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांचा रस्ता श्रीरंगपट्टण, म्हैसूर, नंजनगूड आणि गुंडलुपेट यांवरून जातो. वाघाचा इतिहास वाचावयाचा तर तो याच रस्त्याने वाचावा.

कर्नाटकाच्या इतिहासात वाघ प्रथम भेटतो तो मरताना. होयसळांच्या राजचिन्हात सळ नावाचा वीर एका हिंस्र पशूशी झुंजत आहे. शिल्पकारांनी तो पशू सिंहासारखा घडविला असला तरी परंपरा त्यास वाघ म्हणते, आणि 'होय, सळ' म्हणजे 'मार, सळा' या गुरूच्या हाकेवरून घराण्याचे नाव पडले असे सांगते. पुढे टिपूने वाघ हीच आपल्या सत्तेची मुद्रा केली. शिपायांच्या पोशाखावर वाघाचे पट्टे, तोफांवर वाघाचे मुख, सिंहासनाच्या पायाशी वाघाचे मस्तक! गोऱ्या शिपायास लोळविणारा त्याचा लाकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्या श्रीरंगपट्टणापुढे १७९२ साली कॉर्नवॉलिसच्या जोडीने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा उभ्या होत्या, ते पट्टण १७९९ साली पडले. राजवाड्यात बांधलेल्या जिवंत वाघांस खाऊ घालावयास कोणी उरले नाही, आणि पट्टणाचा नवा अंमलदार आर्थर वेलस्ली याने त्यांस गोळ्या घालविल्या. राजाच्या वैभवासाठी पाळलेला वाघ राजाबरोबरच संपला.

त्यानंतरची दीडशे वर्षे वाघास अधिकच वाईट गेली. इंग्रजी अमदानीत वाघ मारणारास सरकारी बक्षीस मिळे. संस्थानिकांच्या पाहुणचारात शिकार हा मानाचा विडा झाला. म्हैसुरातील व्हॅन इंगेन या पेढीने मारलेल्या वाघांची कातडी आणि मस्तके भरून देण्याच्या कामात जगभर नाव मिळविले; देशोदेशींच्या दिवाणखान्यांत तिचे वाघ दात विचकून उभे राहिले. १९९९ साली पेढी बंद झाली. आमच्या बंगळूर शहरातले केनेथ अँडरसन हे नरभक्षक वाघांच्या शिकारकथा लिहून प्रसिद्धीस आले. त्यांचे पहिले पुस्तक १९५४ चे. या कथा वाचताना अंगावर काटा येतो हे खरे. पण आज त्या वाचल्या म्हणजे एवढे वाघ त्या वेळी होते तरी, ही हळहळच अधिक वाटते.

आता या कथेस कलाटणी मिळते ती कोठून, ते पाहू. बंदीपूरच्या रानात एक उंच डोंगर आहे. वर वेणुगोपाळाचे मंदिर, भोवती बहुधा धुके. त्यास हिमवद् गोपालस्वामी बेट्ट म्हणतात. कन्नडात बेट्ट म्हणजे डोंगर. १९४१ साली म्हैसूर दरबाराने या रानात संरक्षित उद्यान केले आणि त्यास या देवाचेच नाव दिले : वेणुगोपाल वन्यजीव उद्यान. गाईगुरे राखणाऱ्या देवाच्या नावाने गुरे मारणाऱ्या वाघास अभय मिळावे, हा योग गमतीचा खरा. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली केंद्र सरकारने वन्यजीव मंडळ स्थापिले, त्याची पहिली बैठक म्हैसुरातच भरली, आणि अध्यक्षस्थानी होते म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार. ज्या घराण्याच्या रानात पिढ्यान्पिढ्या शिकारीचे बेत झाले, त्याच घराण्याचा पुरुष आता रक्षणाच्या ठरावांवर सही करीत होता.

तरीही वाघ कमीच होत गेले. १९७२ साली देशभर मोजणी झाली ती १,८२७ वाघांची. बंदीपुरात त्या वेळी अवघे डझनभर वाघ धरले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ च्या एप्रिलात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ रानांच्या यादीत बंदीपूर होते आणि आपले मेळघाटही होते. सातपुडा मागे टाकून आलेल्या आमच्यासारख्यांस हे नाते माहीत असलेले बरे : ही दोन्ही राने एकाच यादीतील भावंडे आहेत. आणखीही एक धागा आहे. त्या काळी देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळणारे एम. वाय. घोरपडे हे संडूरच्या मराठा राजघराण्यातले. त्यांनी रानात नेला तो कॅमेरा, आणि वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणात त्यांनी मोठे नाव मिळविले.

बंदीपूरशेजारचे नागरहोळे १९५५ पासून अभयारण्य होते; १९९९ साली तेही व्याघ्र प्रकल्पात आले. तेथे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात डॉ. उल्हास कारंत यांनी वाघ मोजण्याची नवी रीत रुजविली. पूर्वी पाऊलखुणांवरून गणती होई आणि तीत चूक फार राही. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. तेव्हा वाटेवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावावयाचे आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखावयाचा. याच धर्तीवर झालेल्या २०२२ च्या मोजणीत देशात सुमारे ३,६८२, बंदीपुरात १५० आणि नागरहोळेत १४१ वाघ असल्याचे अनुमान निघाले. बारांवरून दीडशे! मोजण्याची रीत बदलली हे जमेस धरूनही ही वाढ थोडी नव्हे.

पण कचेरीत वर्षे काढलेल्या माणसास जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजू पाहण्याची सवय लागते. वाघाच्या नावे ही जी जमा दिसते, ती कोणाकोणाच्या हक्कसोडीतून आली?

राजाने शिकार सोडली, हे सांगितलेच. २००९ पासून बंदीपुरातून उटीकडे आणि वायनाडकडे जाणारे दोन्ही महामार्ग रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांस बंद झाले. भाजीपाला आणि माल नेणाऱ्यांनी यावर पुष्कळ तक्रार केली, खटले झाले. तरी रात्रीचा रस्ता जनावरांकडे गेला. रानाच्या काठच्या शेतकऱ्याने गोठ्यातली जनावरे गमावली, आणि कधी घरचे माणूसही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात या भागात वाघाच्या हल्ल्यांत माणसे मेली, लोक खवळले, आणि नोव्हेंबरात सरकारने दोन्ही उद्यानांतील सफारी थांबवून तेथील माणसे गावांच्या बंदोबस्तास लावण्याचे ठरविले. शहरातून पाहुणे वाघ पाहावयास येतात आणि गावाला तो न बोलावता दिसतो, यातला विरोध त्या वेळी कोणाच्याही नजरेतून सुटला नाही.

सर्वांत मोठी हक्कसोड मात्र जेनु कुरुबांची. आणि ती त्यांनी आपखुषीने केली असे म्हणवत नाही. कन्नडात जेनु म्हणजे मध. मध गोळा करणारे, हत्तींना माणसाळविणारे हे लोक या रानाचे मूळचे रहिवासी. रानातल्या त्यांच्या वस्तीस हाडी म्हणतात. राखीव वने झाली, कबिनी नदीवर धरण झाले, राष्ट्रीय उद्यान झाले, आणि एकेका टप्प्यास त्यांच्या हाड्या उठत गेल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या दाव्यास आधार दिला. तरी तो झगडा अजून मिटलेला नाही.

येथे आमच्या पहिल्या सहलीची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी कचेरीतली आम्ही चार कुटुंबे नागरहोळेस गेलो होतो. पहाटेच्या गाडीत बसलो. चितळ दिसले, गवे दिसले, दूर एक हत्तीण पिलासह दिसली. पण वाघ दिसेना, तसतसे आमचे चेहरे उतरू लागले. "पैसे भरले ते हरणे पाहावयास काय?" असे एकाने म्हटले आणि सर्व हसले; आम्हीही हसलो. गाडीत वनखात्याचा एक वयस्क राखणदार होता. एका वळणावर त्याने हात करून उजवीकडचे एक आंब्याचे झाड दाखविले. आम्ही सगळे उठून पाहू लागलो, मुलास खांद्यावर घेतले, दुर्बीण काढली. झाडाखाली काहीच नव्हते. चुलीच्या दगडांसारखे चार दगड तेवढे गवतात दिसत होते. "हुली?" आम्ही विचारले. वाघाचा हा एकच कन्नड शब्द आम्हांस तेव्हा येत होता. तो म्हणाला, "नाही साहेब. आमची हाडी येथे होती. मी येथे जन्मलो." गाडी पुढे गेली. बहुतेकांनी ऐकलेही नाही, आणि ज्यांनी ऐकले ते पुन्हा डावीकडे वाघ शोधू लागले. त्यांत आम्हीही होतो. त्याची लाज आम्हांस वाटली ती बंगळुरास परत आल्यावर, रजेच्या दुसऱ्या दिवशी.

आज विचार करता वाटते, राजा, मालवाहू, शेतकरी, कुरुब या सर्वांनी काही ना काही सोडले. काही न सोडणारा असा एकच जण उरतो, तो म्हणजे पाहुणा. त्याने निदान एक गोष्ट सोडावी : वाघ दिसलाच पाहिजे हा हट्ट. या हट्टापायीच चालकावर दडपण येते, गाड्या एका जागी गोळा होतात आणि वाघाची वाट अडते. आपल्याकडे वाघोबाचे ठाणे आले की माणूस हात जोडून पुढे जातो. चामराजनगरच्या डोंगरांतला मले महादेश्वर तर वाघावर बसूनच फिरतो, आणि लक्षावधी लोक त्याच्या यात्रेस जातात. त्यांपैकी कोणीही वाघ दिसला नाही म्हणून यात्रा फुकट गेली असे म्हणत नाही.

म्हणून या खेपेची आखणी आम्ही निराळी केली आहे. निघण्यापूर्वी सफारी चालू आहे की नाही, हे वनखात्याकडून विचारून घ्यावयाचे. एका दिवसात उरकण्याऐवजी दोन रात्री काढावयाच्या. जाताना श्रीरंगपट्टणास उतरून मुलांस टिपूच्या वाघांची गोष्ट सांगावयाची आणि नंजनगूडला नंजुंडेश्वराचे दर्शन घ्यावयाचे. गोपालस्वामी बेट्टावर खाजगी वाहने जात नाहीत, पायथ्यापासून सरकारी बस नेते. त्या बसने वर जाऊन ज्या देवाच्या नावाने हे रान प्रथम राखले गेले, त्यास भेटून यावयाचे. सवड झाली तर कबिनीच्या काठीही जावयाचे. उन्हाळ्यात तेथले पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गवतावर हत्तींचे कळप उतरतात. तो देखावा पाहण्यास दुर्बीण पुरते, नशीब लागत नाही. मुलगा आता मोठा झाला आहे. वाघ नाहीच दिसला तर काय, असे तो कालच विचारीत होता. त्यास आम्ही म्हणालो, तो तेथे आहे ना, मग झाले. आणि एक आंब्याचे झाड तुला दाखवावयाचे आहे.