ज्या दिवशी गळ टाकलाच नाही, त्या दिवसाची नोंद

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज जरा विचित्र वाटेल असा प्रश्न घेतेय. दूरदेशी मासे धरायला गेलेल्या माणसाला तिथली नदी नीट मिळाली नाही, तर नुकसान कुणाचं? तुम्ही म्हणाल, त्याचंच. रजा गेली, पैसे गेले, विषय संपला. पण त्याच्यानंतर शंभर वर्षांनी त्याची वही उघडून बसणाऱ्या संशोधकाचंही नुकसान होतं, आणि ते बहुतेक वेळा त्याच्या लक्षातही येत नाही. का, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

माझं काम गोड्या पाण्यातल्या माशांच्या जुन्या नोंदींवर आहे. विषय प्राणिशास्त्राचा, पण निम्मा वेळ इतिहासातच जातो. त्यामुळे हा लेख इतिहासाचा समजा, फक्त डोकं विज्ञानाचं ठेवून वाचा.

आधी नदी समजून घेऊ

किकवी पुणे–सातारा रस्त्यावर आहे. इथून साताऱ्याकडे निघालात की सारोळ्याला नीरा ओलांडायची, पलीकडे शिरवळ आणि सातारा जिल्हा. नीरा उगम पावते ती भोर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, शिरगावजवळ, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर. तिथे पाऊस कोसळतो, आणि पूर्वेकडे येता येता झपाट्याने कमी होतो. त्यामुळे जुलैमध्ये महामार्गावर नुसती भुरभुर असते आणि सारोळ्याच्या पुलाखालून तांबडं पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं असतं. डोक्यावरचं आभाळ बघून नदीचा अंदाज येत नाही, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. बाहेरून आलेल्या माणसाला ते माहीत नसतं.

गळाने मासे धरणाऱ्यासाठी 'नदी खराब' म्हणजे काय? साधारण चार प्रकार. एक, पाणी चढतं आणि गढूळ असतं. माशाला आमिष दिसत नाही आणि काठावर उभं राहणंही धोक्याचं असतं. दोन, पाणी फारच उतरलेलं आणि काचेसारखं स्वच्छ. मग माशाला दोरी दिसते, माणूसही दिसतो. तीन, पाणी तापलेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासा सुस्तावतो. चार, धरणातून अचानक सोडलेलं पाणी. येळवंडी नदीवर भाटघरला पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालं, आणि आज आपण पाहतो ते मोठं लॉइड धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं. तेव्हापासून नीरेला पावसाशिवायही पाणी येऊ लागलं. उन्हाळ्यात आवर्तन सुटलं की कोरड्या आभाळाखाली नदी चढते.

या सगळ्यांच्या मधली एक अवस्था गळवाल्याला हवी असते. पूर ओसरलाय, पाणी निवळत चाललंय, पण डोहांमध्ये अजून भरपूर आहे. वर्षात असे दिवस किती येतील, आणि ते नेमके तुमच्या रजेत येतील का, याची हमी कुणी देत नाही.

'परदेश' म्हणजे आपलाच देश

आता इतिहासाकडे वळू. 'परदेशातली मासेमारीची सहल' म्हटलं की आपल्याला नॉर्वे, आइसलंड आठवतं. पण दीडशे वर्षांपूर्वी ज्या परदेशात लोक गळ घेऊन उतरत होते, तो आपला देश होता. इंग्रज अधिकाऱ्यांना इथे महसीर सापडला. मोठे खवले, जबरदस्त ताकद, खडकाळ वेगवान पाण्यात राहणारा मासा. मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं. हिंदुस्थानात नव्याने आलेल्या हौशी मासेमारासाठी लिहिलेलं ते मार्गदर्शक होतं. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि १८८६ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं. पुढे तिथेही शिकारी आणि मासेमारांच्या टिपणांना जागा मिळाली.

या लोकांची अडचण सरळ होती. रजा आधी मंजूर होते, नदी नंतर ठरवते. पावसाळ्यात पाणी चढलं की महसीर अंडी घालायला प्रवाहाच्या वरच्या अंगाला जातो, आणि नेमक्या त्याच काळात गळाचा काही उपयोग नसतो. म्हणून त्यांचा हंगाम पावसाळा संपल्यावर, पाणी निवळल्यावर सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यापर्यंत चालायचा. म्हैसूरजवळच्या कबिनी नदीत १९४६ मध्ये १२० पौंडांचा महसीर धरल्याची प्रसिद्ध नोंद आहे. तीही मार्चमधली, म्हणजे कोरड्या हंगामातलीच.

इथे थोडं थांबा आणि स्वतःला विचारा: या सगळ्या नोंदी वर्षाच्या कोणत्या दिवसांच्या आहेत? नदी चांगली होती त्या दिवसांच्या. पूर आला, तंबूत बसून परतलो, असे दिवस टिपणात क्वचितच येतात. भिंतीवर टांगायला तर त्यातून काहीच उरत नाही. फोटो माशाचा निघतो, गढूळ पाण्याचा कोण कशाला काढेल?

खराब नदी, पण कुणासाठी?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गळवाल्याची 'खराब' नदी गावातल्या माणसासाठी खराब नसायची. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की मासे उलटे चढू लागतात. चढणीचे मासे हा शब्द आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. साहेबाने गळ गुंडाळून ठेवला, त्याच आठवड्यात ओढ्याकाठच्या घरांत सर्वात जास्त मासे शिजायचे. (अंडी घालायला निघालेले मासे असे धरल्याने पुढची पिढी कमी होते, हा वेगळा आणि गंभीर मुद्दा आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.) म्हणजे 'नदीची अवस्था' हा एकट्या पाण्याचा गुणधर्म नाही. पाणी, साधन आणि माणूस, तिन्ही मिळून ती ठरते.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच भागात आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत फिरत होता. त्या फिरतीत त्याने मासेही जमवले. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे १८३८ मध्ये त्याने दख्खनच्या माशांवरचा निबंध मांडला, त्यात ४६ जाती होत्या. त्याने दिलेली शास्त्रीय नावं नीट वाचा: खुदरी, नुकटा, मळ्या, शिंगटी. लॅटिनच्या अंगरख्यातली ही सरळ मराठी नावं आहेत. म्हणजे ती त्याला इथल्याच मासे धरणाऱ्यांनी सांगितलेली. एकट्या गळावर विसंबणाऱ्या पाहुण्याला ४६ जाती मिळाल्या नसत्या. त्यातले कितीतरी मासे बोटभर लांबीचे आहेत, गळाला लागतच नाहीत. ज्याच्याजवळ स्थानिक माणसांचं ज्ञान होतं, त्याची यादी लांब झाली. ज्याच्याजवळ फक्त गळ आणि रजा होती, त्याच्या वहीत महसीर राहिला.

म्हणून साइक्सची यादी आणि नंतरच्या शिकारकथा शेजारी ठेवून 'पूर्वी इतके होते, नंतर इतके राहिले' असा निष्कर्ष काढायचा नाही. दोघांनी नदी वेगवेगळ्या साधनांनी आणि वेगवेगळ्या उद्देशाने पाहिली आहे.

एक छोटं गणित

समजा, एक पाहुणा दोन वर्षं त्याच नदीवर २०-२० दिवसांसाठी आला. (आकडे माझ्या मनातले आहेत, फक्त समजण्यासाठी.) पहिल्या वर्षी नदी छान, २० दिवस गळ टाकला, ४० मासे. दुसऱ्या वर्षी वरून पाणी सुटलं, १२ दिवस वाया, उरलेल्या ८ दिवसांत २४ मासे.

आता सांगा, मासे कमी झाले की वाढले? एकूण आकडा म्हणतो ४० वरून २४, म्हणजे घट. प्रत्यक्ष गळ टाकलेल्या दिवसाला धरलं तर २ वरून ३, म्हणजे वाढ. सहलीच्या दिवसाला धरलं तर २ वरून १.२, पुन्हा घट. तिन्ही हिशेब बरोबर आहेत, पण प्रश्न वेगवेगळे आहेत. सहलीला यायचं का, हे ठरवणाऱ्याला तिसरा आकडा हवा. नदीत मासे किती, हे विचारणाऱ्याला दुसरा, तोही सावधपणे, कारण पाणी नुकतंच निवळलेलं असलं तर मासे एरवीपेक्षा जास्त लागू शकतात.

मत्स्यविज्ञानात याला 'प्रयत्नामागे पकड' म्हणतात: किती मासे भागिले किती तास. वरचा आकडा सगळे लिहितात, खालचा कुणी लिहीत नाही. आणि खालचा नसेल तर 'गेलो, बसलो, काही मिळालं नाही' आणि 'नदी चढली म्हणून गेलोच नाही' हे दोन्ही दिवस वहीत सारखेच कोरे दिसतात. पहिला कोरा दिवस माशांबद्दल काहीतरी सांगतो, दुसरा फक्त पाण्याबद्दल.

कावेरीची वही

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर कावेरीची गोष्ट ऐका. कर्नाटकात गालिबोरे इथे हौशी मासेमारांचा तळ होता. भारतातून आणि परदेशातून लोक यायचे, महसीर धरायचे, वजन करून परत सोडायचे. वरच्या अंगाला कृष्णराजसागर आणि कबिनी ही धरणं, त्यामुळे पाण्याचा भरवसा इथेही नव्हताच. पण या तळावर एक चांगली सवय होती: वही. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. साडेतेवीस हजारांहून जास्त तासांचा गळ आणि सहा हजारांहून जास्त महसीर, एवढा तो ऐवज होता. लक्षात घ्या, तास लिहिलेले होते.

त्यातून काय दिसलं? पकडलेल्या माशांची संख्या वर्षांगणिक वाढत होती. वरवर पाहणारा म्हणेल, नदी सुखात आहे. पण वहीत माशाचं रंगरूपही नोंदलेलं होतं, आणि तिथे चित्र बदललं. वाढत होता तो निळ्या परांचा महसीर. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर कमी कमी होत चालला होता. हा कुबडवाला महसीर म्हणजेच 'टॉर रेमादेवी', हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

आणि निळ्या परांचा महसीर कोण? 'टॉर खुदरी'. आपल्या साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेला! लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली आणि ते बीज अनेक नद्यांत सोडलं गेलं, कावेरीतही. हेतू महसीर वाचवण्याचाच होता. पण 'महसीर' या एका शब्दाखाली दोन वेगळे मासे मोजले गेले, आणि एकाच्या वाढीआड दुसऱ्याची घट दडून राहिली. कावेरीच्या माशावर इतरही संकटं आहेत: धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी. तरी तास आणि रंगरूप लिहिलेली ती वही नसती, तर ही घट आणखी किती वर्षं कुणाला दिसली नसती, याचा विचार करा.

आज जाणाऱ्यांसाठी

आजचा प्रवासी विमानाने जातो, हवामानाचा अंदाज खिशात असतो. तरी जोखीम संपलेली नाही, उलट तिला नवा फाटा फुटलाय. जून २०२४ मध्ये नॉर्वेने ३३ नद्यांत सॅमनची मासेमारी ऐन हंगामात थांबवली, कारण समुद्रातून परतणारे मासे फारच कमी होते. तिकीट काढून बसलेल्या पाहुण्यांची सहल बुडाली. पण संशोधकाच्या नजरेने पाहा: त्या नद्यांच्या २०२४ च्या पकडीचा आकडा पुढे कुणी नुसता तक्त्यात पाहिला, बंदीची तळटीप वाचली नाही, तर त्याला काय वाटेल?

म्हणून तुम्ही जुन्या नोंदींवर काम करणार असाल, विषय मासे असो, पक्षी असो की पिकं, तर पहिल्याच दिवशी चार गोष्टी शोधा. किती दिवस जायचं ठरलं होतं? किती दिवस प्रत्यक्ष गेले? न जाण्याचं कारण काय? साधन कोणतं? वहीत उत्तर नसेल तर वहीबाहेर शोधा. पाऊस, धरणाचा विसर्ग, आवर्तनाच्या तारखा. धरणसाठ्याचे आकडे जलसंपदा विभाग रोज नोंदवतो. मासेमाराच्या वहीतला कोरा आठवडा आणि धरणातून पाणी सुटल्याची तारीख जुळली, की त्या कोऱ्या जागेला अर्थ येतो. आणि स्वतःची वही करत असाल तर शून्य लिहा. शून्य आणि कोरी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नीरेच्या काठी जुन्या माणसांशी बोलायला बसलात, तर आपण सगळे हमखास विचारतो तो प्रश्न म्हणजे, 'बाबा, सगळ्यात मोठा मासा केवढा धरला होता?' विचारा, ऐकायला मजा येते. पण लगेच दुसराही विचारा: 'आणि कोणत्या महिन्यात नदीवर जायचाच नाहीत?' त्या उत्तरातून तुम्हाला भाटघरचं पाणी कधी सुटायचं, पूर कधी ओसरायचा, चढण कधी लागायची, हे सगळं कळेल. पहिल्या उत्तराचं वजन किती धरायचं, हे त्यानंतरच ठरवता येईल.