व्याधाचा जोडीदार आणि एका सभेची हकीकत

कामगारांच्या सभांत ज्याचे आयुष्य गेले त्याने ताऱ्यांवर कशाला बोलावे, असे एका स्नेह्याने आम्हांला विचारले. आमचे उत्तर एवढेच की, ही हकीकतही एका सभेचीच आहे. ती सभा ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत भरली होती, आणि तिच्यापुढे विषय होता ताऱ्यांच्या मरणाचा.

व्याधाचा तारा आकाशात ठळक दिसतो. त्याला एक मंद जोडीदार आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. व्याध आकाशात किंचित हेलकावे खात चालतो, तेव्हा कोणी अदृश्य सोबती त्याला ओढीत असला पाहिजे, असे जर्मन ज्योतिषी बेसेल यांनी १८४४ साली ताडले. पुढे १८६२ साली अमेरिकेत क्लार्क नावाच्या दुर्बिणीची भिंगे घासणाऱ्या कारागिराच्या मुलाने नवे भिंग पारखताना तो जोडीदार प्रत्यक्ष पाहिला. (भिंग घासणाऱ्याचे नाव इतिहासात टिकले, हे आम्हांला फार आवडते.) याचे वजन सूर्याएवढे, पण आकार पृथ्वीहूनही थोडा लहान! त्याच्यातले चमचाभर द्रव्य कित्येक टन भरेल. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात. तो मेलेला तारा आहे. दिसतो तो त्याचा उरलेला धग.

तारा जगतो तो दोन जोरांच्या तोलावर. स्वतःचे वजन त्याला आत दाबते, आणि हायड्रोजनचे हेलियम होताना निघणारी उष्णता बाहेर रेटते. इंधन सरले की रेटा थांबतो. वजन मात्र कधी संपावर जात नाही. मग हा बटू पुरता चिरडून का जात नाही? केंब्रिजचे फाउलर यांनी १९२६ साली याचे उत्तर दिले. एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो. चाळीतल्या खालच्या खोल्या भरल्या की नव्या बिऱ्हाडाला वरचा मजला गाठावा लागतो. तसे दाटी वाढली की इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक वेगाने धावावे लागते. या धावपळीचा दाब तारा थंड झाला तरी उरतो. म्हणजे प्रत्येक ताऱ्याला शांत मरण आहे, असे विद्वानांना वाटले.

३१ जुलै १९३० रोजी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर मुंबई बंदरातून बोटीने निघाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते केंब्रिजला चालले होते. वाटेत बोटीवर त्यांनी गणित मांडले. मजले चढता चढता इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ येतो, आणि त्यापलीकडे कोणालाच जाता येत नाही. मग दाब अपुरा पडतो. म्हणून एका ठरावीक वजनापलीकडचा तारा बटू होऊन निवांत राहूच शकत नाही. ही मर्यादा आज सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. टार्टूचे अँडरसन आणि लीड्सचे स्टोनर हेही अशा मर्यादेपाशी पोचले होते. ते न सांगणे अन्यायाचे होईल.

आता ती सभा. सर आर्थर एडिंग्टन म्हणजे त्या काळचे ताऱ्यांच्या शास्त्रातले मोठे नाव. ते महिनोन्महिने चंद्रशेखरांच्या खोलीवर येऊन गणिताची प्रगती पाहत. सभेत चंद्रशेखरांना अर्धा तास मिळावा म्हणून शब्दही त्यांनीच टाकला होता. पण आपण लगेच नंतर काय बोलणार, याचा सुगावा लागू दिला नाही. चंद्रशेखर बसले आणि एडिंग्टन उठले. हे गणित खरे मानले तर मोठा तारा आकसत आकसत इतका लहान होईल की त्यातून प्रकाशही सुटणार नाही, आणि निसर्ग असा वेडेपणा होऊ देणार नाही, असे ते म्हणाले. सभा हसली. अध्यक्षांनी चंद्रशेखरांना उत्तराची संधीच दिली नाही.

ज्याला आज कृष्णविवर म्हणतात ते एडिंग्टननी त्या दिवशी स्पष्ट पाहिले, आणि पाहून नाकारले.

चंद्रशेखरांनी कोपनहेगनला रोझेनफेल्डना लिहिले. बोअर आणि पौली यांसारख्या मोठ्यांचे मत खाजगीत चंद्रशेखरांच्या बाजूचे होते. जाहीर कोणी बोलले नाही. येथे आम्हांला स्वतःचे आठवते. एका तरुण सभासदाने बोनसचा हिशेब चुकला आहे असे सभेत दाखवले. वडीलधाऱ्या पुढाऱ्याने ते हसण्यावारी नेले. हिशेब त्या पोराचा बरोबर होता, हे आम्हांला कळत होते. आम्ही बसून राहिलो. पुढच्या सभेला तो आला नाही.

चंद्रशेखर अमेरिकेला गेले, १९३९ साली या विषयावर ग्रंथ लिहून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरे काम धरले. विषय मात्र त्यांच्यासाठी थांबला नाही. मोठा तारा फुटून मागे न्यूट्रॉनांचा गोळा उरत असावा, असे बाडे आणि झ्विकी यांनी १९३४ सालीच सुचवले होते. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला कागदाच्या लांबलचक पट्ट्या तपासताना १.३३७ सेकंदांनी परत परत येणारा ठोका सापडला. तो न्यूट्रॉन ताराच निघाला: सूर्याहून जड, आणि व्यास लोकलने तासाभरात ओलांडता येईल एवढा. या शोधाचे नोबेल १९७४ साली तिच्या मार्गदर्शकाला मिळाले, तिला नाही. पण त्याबद्दल आम्ही बोलू लागलो तर आजची वेळ पुरणार नाही. त्याच दशकात हंस तारकासंघातील क्ष-किरणांच्या एका उगमापाशी कृष्णविवर असल्याचे पुरावे जमू लागले.

चंद्रशेखरांना १९८३ साली नोबेल मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी एडिंग्टन यांची जन्मशताब्दी होती. केंब्रिजला त्यानिमित्त व्याख्याने झाली, आणि ती द्यायला चंद्रशेखर गेले. एडिंग्टन आपल्या काळातले सर्वांत थोर ताराशास्त्रज्ञ होते असे त्यांनी तेथे सांगितले, आणि १९३५ सालचा तो वादही लपवून ठेवला नाही.