आधी स्पीकर, मग वॉट

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची जी दुकानं आहेत, त्यांतल्याच एकात माझं दुरुस्तीचं टेबल आहे. होम थिएटर घ्यायला निघालेला माणूस तिथे आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘रिसीव्हर किती वॉटचा घेऊ?’’ मी उलट विचारतो, ‘‘स्पीकर कोणते? बसणार किती लांब?’’ समोरच्याला वाटतं, मी प्रश्न टाळतोय. पण वॉटचा आकडा स्पीकरवाचून अपुरा असतो. त्या आकड्याला एवढी किंमत कशी आली, हे शंभर वर्षं मागे गेल्याशिवाय कळत नाही.

बोलपट आला तेव्हा ताकद फारच कमी होती. १९२६ साली ‘डॉन वॉन’ हा व्हिटाफोन ध्वनिपद्धतीचा चित्रपट न्यूयॉर्कला लागला. पुढच्या काही वर्षांत वेस्टर्न इलेक्ट्रिकची ध्वनियंत्रणा जगभरच्या थिएटरांत बसली. तिचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर दहा-पंधरा वॉटांच्या घरातले असत. आज टेबलावरच्या छोट्या स्पीकरलाही आपण त्याहून जास्त वॉट लावतो आणि तेव्हा तेवढ्यावर हजार-दीड हजार माणसांचं थिएटर भरत होतं. हे शक्य झालं ते कर्ण्यामुळे. वेंट आणि थुरास या अभियंत्यांनी घडवलेला ‘५५५’ हा ड्रायव्हर माणसाच्या उंचीहून मोठ्या कर्ण्याला जोडला की विजेचा मोठा हिस्सा खरोखर आवाज होऊन बाहेर पडे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हा आपल्याकडच्या प्रेक्षकांनी ऐकलेला पडद्यावरचा आवाज याच काळातला. सभांची गोष्ट वेगळी नव्हती. काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि गांधी-नेहरूंच्या सभांत मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे लागत. मैदानभर पसरलेल्या माणसांपर्यंत भाषण पोचायचं ते कर्ण्यांच्या जोरावर, वॉटांच्या नव्हे.

आजच्या स्पीकरच्या पेटीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या माहितीपत्रकात ‘८९ डेसिबल’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. याचा दुसरा अर्थ फारसं कोणी सांगत नाही. अशा पेटीला शंभर वॉट दिले तर आवाज होतो साधारण अर्ध्या वॉटचा. बाकीचे साडेनव्व्याण्णव वॉट व्हॉइस कॉइलमध्ये उष्णता होऊन जातात.

ही अवस्था आली त्याला १९५४ हे साल आणि एडगर व्हिल्चर हा माणूस कारण आहे. त्याआधी घरात चांगला आवाज हवा असेल तर पेटी प्रचंड लागायची. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये ‘क्लिप्शहॉर्न’ काढला. खोलीचा कोपराच कर्ण्याचा भाग व्हावा, अशी त्याची रचना होती. एका वॉटला १०४-१०५ डेसिबल! देशाला खरी गरज पाच वॉटच्या चांगल्या ॲम्प्लिफायरची आहे, असं क्लिप्श म्हणे. त्याच्या स्पीकरपुरतं ते शब्दशः खरं होतं. इंग्लंडमध्ये विल्यमसनने १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जो ॲम्प्लिफायर छापला, तो पंधरा वॉटचा. जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी बांधला आणि त्यांना तेवढी ताकद घरासाठी भरपूर वाटली.

व्हिल्चर न्यूयॉर्कला ध्वनिशास्त्र शिकवत असे. त्याने हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर ‘अकूस्टिक रीसर्च’ ही कंपनी काढली. वूफरचा कागदी शंकू त्याच्या कडेच्या कडक आधारावर नाचवण्याऐवजी हवाबंद पेटीतल्या हवेलाच त्याने स्प्रिंगसारखं वापरलं. बारा इंची वूफरची ‘एआर-१’ ही पेटी कपाटाच्या फळीवर मावे आणि तिचा खर्ज भल्याथोरल्या पेट्यांना मागे टाके. माझ्या मते घरगुती आवाजाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा शोध आहे. छोट्या घरात राहणाऱ्या माणसाला खोल खर्ज पहिल्यांदा मिळाला तो यामुळे.

पण त्याची किंमत मोजावी लागली. जोसेफ हॉफमन या नामांकित पियानोवादकाचा मुलगा अँटन हॉफमन हा भौतिकशास्त्रज्ञ क्लॉसचा पुढचा भागीदार. ‘केएलएच’ या कंपनीच्या नावातला ‘एच’ त्याचाच. त्याने नियम मांडला: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी मिळतील, तिन्ही नाहीत. आजही स्पीकर बनवणारे याला ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणतात. व्हिल्चरने पहिल्या दोन घेतल्या, तिसरी सोडली. क्लिप्शहॉर्न एका वॉटमध्ये जेवढा आवाज देतो, तेवढ्यासाठी ८६ डेसिबलच्या पेटीला साठाहून अधिक वॉट लागतात. लोकांनी घरात लहान पेट्या आणल्या आणि ॲम्प्लिफायरवाल्यांवर ताकद वाढवायची पाळी आली. डेव्हिड हाफ्लरच्या डायनाकोने १९५९ मध्ये दर चॅनेलला ३५ वॉटचा ‘स्टीरिओ ७०’ स्वस्तात दिला, मग ट्रान्झिस्टर आले आणि वॉट आणखी स्वस्त झाले.

खोटेपणा सुरू झाला तो इथून. साठच्या दशकात अमेरिकेतल्या जाहिरातींत ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’ अशी मापं आली. रीत सोपी होती. वीस वॉटचा ॲम्प्लिफायर घ्यायचा, दोन चॅनेलांची बेरीज करून चाळीस म्हणायचं, क्षणिक शिखराचं माप धरून ऐंशी करायचे. यात कुठेही उघड खोटं नाही आणि गिऱ्हाइकाला मात्र काहीच खरं कळत नाही.

अखेर सरकारला मध्ये पडावं लागलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केलेला नियम ४ नोव्हेंबर १९७४ पासून लागू झाला. घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद सांगायची तर सतत मिळणारी सरासरी ताकद सांगा. किती ओहमवर, कोणत्या कंपनसंख्येपासून कोणत्यापर्यंत आणि किती विकृतीसह, हेही सांगा. शिवाय मोजणीआधी यंत्र एक तृतीयांश ताकदीवर तासभर चालवा. हे शेवटचं कलम ज्याने लिहिलं, त्याला ॲम्प्लिफायरची नस माहीत होती. या प्रकारचं यंत्र सर्वांत जास्त तापतं ते पूर्ण ताकदीवर नाही, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तिथे तासभर टिकायचं तर हीटसिंक मोठी हवी, ट्रान्सफॉर्मर जड हवा. पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा आकडा वाढवून चालेना, खोक्यातलं लोखंड आणि तांबं वाढवावं लागलं.

म्हणून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातले रिसीव्हर आजही उचलताना दोन माणसं लागतात. १९७८ चा पायोनियर ‘एसएक्स-१९८०’ दर चॅनेलला २७० वॉटचा, वजन सुमारे ३५ किलो. असा जुना रिसीव्हर टेबलावर उघडला की मला आदर वाटतो. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, हीटसिंक, प्रत्येक भाग जाहिरातीतल्या आकड्याला धरून बसवलेला असतो.

आपल्याकडे नियमाचा असा धाक नव्हता. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला आणि टीव्ही, टू-इन-वन, म्युझिक सिस्टीम, सगळ्यांवर ‘पीएमपीओ’ची चमकती पट्टी आली. हजार वॉट, दोन हजार वॉट! मागची पाटी वाचली तर विजेचा एकूण खप तीस-चाळीस वॉट. त्या पट्टीमागे कुठलंही मान्य मोजमाप नव्हतं. मला या गोष्टीचा अजूनही राग येतो, कारण पहिल्या पगारातून सिस्टीम घेणाऱ्या एका अख्ख्या पिढीला वॉट म्हणजे आवाजाची प्रत असं शिकवलं गेलं. ती शिकवण आज होम थिएटरच्या दुकानात पोचली आहे.

होम थिएटरने हिशेब आणखी अवघड केला. डॉल्बी प्रोलॉजिकच्या दिवसांत मागच्या स्पीकरांना एकच चॅनेल, तोही सात हजार हर्ट्झपर्यंत कापलेला. त्यांना पंधरा-वीस वॉट पुरत. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून थिएटरात डॉल्बी डिजिटल आलं, १९९५ मध्ये लेझरडिस्कवरून घरात शिरलं, मग डीव्हीडीवर स्थिरावलं आणि पाचही चॅनेल पूर्ण पट्टीचे झाले. आता प्रत्येकाला ताकद हवी, पण ट्रान्सफॉर्मर एकच. म्हणून खोक्यावर ‘७ × १०० वॉट’ असलं तरी तळटीप वाचा. मोजणी पुष्कळदा दोनच चॅनेल चालवून केलेली असते. सातही एकदम चालवले की मध्यम किमतीच्या रिसीव्हरचा आकडा बराच खाली येतो. फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये जुना नियम पुन्हा घट्ट केला: ८ ओहम आणि २० ते २०,००० हर्ट्झ या अटींवरच आकडा सांगायचा. भारतात विकणाऱ्याला तो बंधनकारक नाही, पण खोक्यावर या अटी छापल्या असतील तर ते चांगलं लक्षण समजावं.

टॉमलिन्सन होल्मनने १९८३ मध्ये लुकासफिल्मसाठी टीएचएक्सची मानकं आखली, पुढे ती घरासाठीही आली. आपल्या जुळणीला त्यांतल्या दोन गोष्टी उपयोगी आहेत. एक, ८० हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरकडे पाठवणं. त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे रिसीव्हरवरचा सर्वांत मोठा भार उतरतो. दुसरी, बसायच्या जागी दर चॅनेलचं शिखर १०५ डेसिबल धरणं. स्पीकर ९० डेसिबलचा, तुम्ही तीन मीटरवर आणि खोलीच्या भिंतींचा थोडा हातभार धरला, तर त्या शिखराला साधारण १४० वॉट लागतात. घरात एवढ्या आवाजात फार थोडे लोक सिनेमा पाहतात. दहा डेसिबल खाली या, गरज चौदा वॉटांवर येते. उलट स्पीकर ८४ डेसिबलचा घेतला, तर त्याच आवाजाला चौपट ताकद हवी.

टेबलावर जळालेले ट्वीटर येतात तेव्हा बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला वाटतं, ॲम्प्लिफायर जास्त वॉटचा होता. मी घुमट उचलून कॉइल दाखवतो. केसाएवढी तार, तांब्याचा रंग जाऊन काळीकुट्ट, वॉर्निशचा जळका वास. पुष्कळदा कारण उलटं निघतं. रिसीव्हर दुबळा, स्पीकरची मागणी मोठी, आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलेलं. लहरींची शिखरं सपाट कापली जातात, सरासरी ताकद वाढते आणि ट्वीटरच्या वाट्याला कधी नव्हे एवढी वीज येते. चार ओहमचा स्पीकर आठ ओहमपुरत्या रिसीव्हरला जोडला असेल तर रिसीव्हरही तापून बंद पडतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घ्या आणि पडद्यापासून सोफ्यापर्यंतचं अंतर मोजा. स्पीकर आधी निवडा, त्याच्या माहितीपत्रकातले डेसिबल आणि ओहम लिहून घ्या. मग विक्रेत्याला विचारा: या रिसीव्हरचे वॉट किती ओहमवर, किती विकृतीला आणि किती चॅनेल एकदम चालवून मोजले? तिन्ही उत्तरं छापील दाखवता आली नाहीत, तर तो रिसीव्हर घेऊ नका.